जिम्नी की थार, आणि अडीच लाखांचं कोटेशन

प्रश्न : कोथरूड ते हिंजवडी रोज येऊन-जाऊन ३५ किलोमीटर होतात. घरी आम्ही दोघे, नऊ वर्षांची मुलगी आणि आई. आईचे गुडघे दुखतात. महिन्यातून एक-दोनदा आम्ही मुळशी, वेल्हे, भोरकडच्या कच्च्या रस्त्यांवर जातो. सासुरवाडी दापोलीजवळ आहे, पुढच्या वर्षी स्पितीला जायचं मनात आहे. सगळं धरून १८ लाख आहेत. मारुतीची जिम्नी घेऊ की महिंद्राची तीन दारांची थार डिझेल फोर बाय फोर? गाडी हातात आली की लगेच दोन इंचांचं लिफ्ट किट, मड टेरेन टायर, बुल बार, स्नॉर्केल, छतावर कॅरियर आणि लाईट बार बसवून देतो म्हणून एकाने अडीच लाखांचं कोटेशन दिलंय. सुरुवात कशापासून करू?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे : आईचे गुडघे. तीन दारांच्या थारमध्ये मागे बसायचं तर पुढची सीट दुमडून, वाकून, अंग वळवून आत शिरावं लागतं. पन्नाशीच्या धडधाकट माणसालाही ते जड जातं. त्यामुळे थार कितीही दणकट असली (आणि ती आहेच, दगडधोंड्यांत तिची २२६ मिलीमीटरची उंची आणि डिझेलचा खालचा जोर फार उपयोगी पडतो) तरी तुमच्या घरासाठी ती बाद. पाच दारांची थार रॉक्स हा प्रश्न सोडवते, पण तिच्यात फोर बाय फोर फक्त डिझेलला मिळतं आणि ऑन रोड ती तुमच्या १८ लाखांत बसत नाही. महाराष्ट्रात डिझेल गाडीला पेट्रोलपेक्षा २ टक्के जास्त रोड टॅक्स पडतो, तोही धरा.

म्हणजे जिम्नी. तिच्या उणिवा मात्र आधीच माहीत असू द्या. दीड लिटरचं पेट्रोल इंजिन, १०५ पीएस, १३४ न्यूटन-मीटर टॉर्क, आणि तोही ४००० आरपीएमला. चौघं आणि सामान घेऊन ताम्हिणी चढताना दुसरा गिअर टाकून इंजिन ओरडू द्यावं लागेल. त्यात गाडीचं काही बिघडत नाही, पण सवय लागते. कंपनीचा ॲव्हरेजचा आकडा १७ च्या जवळ आहे. हिंजवडीच्या गर्दीत १२-१३ धरून खर्च मांडा. गाडी चौघांचीच आहे. मागच्या सीट उभ्या असताना डिकी २०८ लिटरची, म्हणजे दोन मध्यम बॅगा आणि एक पिशवी. त्याच्या बदल्यात तुम्हाला ३९८५ मिलीमीटर लांबीची, गल्लीत वळणारी गाडी मिळते. तिला पुढे-मागे सलग अ‍ॅक्सल आहे, शिडीसारखी चॅसिस (खालचा सांगाडा) आहे आणि खरा फोर लो (चारही चाकांना जोर देणारा, सगळ्यात हळू आणि ताकदीचा गिअर) आहे. या पैशात एवढं दुसऱ्या कुठल्या नव्या गाडीत नाही.

गिअरबॉक्स? रोजच्या गर्दीचा विचार केला तर ऑटोमॅटिक सोयीची, पण ती जुन्या धाटणीची चार गिअरची आहे, हायवेला जरा खेचत नेते. घरी दोघंही चालवणार असाल आणि गुडघ्याला क्लच नको असेल तर ऑटोमॅटिक घ्या. नाहीतर मॅन्युअल.

आता कोटेशनकडे. त्यावर बोलण्याआधी वजनाचा हिशोब करा, कारण तो कोणी दुकानदार करून देत नाही. जिम्नीचं रिकामं वजन साधारण १२०० किलो आणि माणसं-सामानासह जास्तीत जास्त १५४५ किलो. म्हणजे तुमच्या हातात जेमतेम ३४० किलो उरतात. तीन मोठी माणसं आणि मुलगी मिळून २३० किलो. राहिले ११० किलो. लोखंडी बंपर ३५-४०, छतावरचा कॅरियर २०-२५, पोटाखालच्या संरक्षक प्लेटा १५-२०, जाडजूड पाच टायरांचे वाढीव १५. बॅग आत ठेवायच्या आधीच गाडी भरली! वरून कॅरियरवर तंबू नि सामान चढवलंत की वजनाचा मध्य वर जातो आणि तिरक्या उतारावर गाडी कलंडायला निघते. छतावर किती किलो चालतात तो आकडा मॅन्युअलमध्ये असतो, कॅरियरचं स्वतःचं वजनही त्यातच मोजायचं.

लिफ्ट किटबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण नवीन गाडी घेणारे पहिले पैसे तिथेच घालतात. जिम्नीच्या खाली डोकावून बघा. दोन्ही चाकांना जोडणारी जाड नळी आणि तिच्यावर भोपळ्यासारखा फुगीर भाग दिसेल. तो डिफरन्शियल, वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरांचा डबा. दगड सगळ्यात आधी लागतो तो यालाच, आणि २१० मिलीमीटरची उंची मोजली जाते तीही इथेच. लांब स्प्रिंग टाकून तुम्ही अ‍ॅक्सलच्या वरची गाडी उचलता. अ‍ॅक्सल मात्र चाकांच्या मध्यावर आहे तिथेच राहतो. म्हणजे दोन इंचांच्या लिफ्टने डिफरन्शियलची उंची एका मिलीमीटरनेही वाढत नाही. ती फक्त मोठ्या टायरने वाढते, आणि तीही टायरच्या वाढीव व्यासाच्या निम्म्याने.

लिफ्टने वाढतं काय, तर पोटाचा आणि बंपरचा कोन, म्हणजे गाडी न टेकता किती तिरपा चढ-उतार पार करते तो. त्या बाबतीत जिम्नी मुळातच चांगली आहे : पुढून ३६ अंश, मागून ४६. कमी पडतो तो मधला, २४ अंशांचा, कारण पाच दारांसाठी चाकं लांब गेली आहेत. वेल्ह्याच्या रस्त्यांवर पोट टेकण्याची वेळ क्वचित येते, आणि आली तर तिरपी रेघ धरून उंचवटा पार करता येतो.

बिघडतं काय ते आता बघा. अ‍ॅक्सल आडवा हलू नये म्हणून एक तिरपा दांडा असतो, पॅनहार्ड रॉड. गाडी वर उचलली की तो अ‍ॅक्सलला बाजूला खेचतो, म्हणून चाकं एका बाजूला जास्त बाहेर दिसतात. पुढच्या चाकांचा कॅस्टर कोन (स्टिअरिंग आपोआप सरळ यावं म्हणून दिलेला कल) कमी होतो, स्टिअरिंग हलकं होऊन गाडी रस्त्यावर तरंगल्यासारखी वाटते आणि ७०-८० च्या वेगाला खड्डा लागला की स्टिअरिंग जोरात थरथरू लागतं. मग कॅस्टरचे बुश, ॲडजस्टेबल पॅनहार्ड रॉड आणि लांब ब्रेक होज घ्यावे लागतात. हेडलाईटचा झोत समोरच्याच्या डोळ्यात जातो, तो पुन्हा खाली बसवायचा. या सगळ्याचे पैसे कोटेशनमध्ये नसतात. आणि रोज सकाळी आईला पाच सेंटीमीटर जास्त चढावं लागतं. लिफ्ट नको. वर्षभर चालवून पोट खरोखर कुठे टेकतंय ते कळलं तर तेव्हा बोलू.

बुल बार तर मुळीच नको. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना त्याविरुद्ध कारवाई करायला सांगितलं आहे. दंडापेक्षा मोठं कारण हे की बंपर आणि त्यामागचे भाग ठरावीक पद्धतीने चेपले जावेत आणि त्यावरून एअरबॅग उघडावी असं गणित बसवलेलं असतं. पुढे लोखंडी पाईप आला की ते गणित चुकतं, आणि पायी चालणाऱ्या माणसाला तर तो पाईप थेट लागतो. एकूणच, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं आहे. जे काही बसवाल ते विमा कंपनीला लेखी कळवा. क्लेमच्या वेळी न कळवलेला बदल निघाला की भांडण तिथूनच सुरू होतं.

स्नॉर्केलचा उपयोग इंजिनाच्या हवेचं तोंड उंच नेण्यापुरता. अल्टरनेटर, वायरिंग, डिफरन्शियल आणि गाडीतली सीट खालीच राहतात. ओढ्यात चाकाच्या मध्यापर्यंत, साधारण ३० सेंटीमीटर पाणी ही तुमची मर्यादा धरा, आणि तेही आधी काठी घेऊन चालत पार करून बघितल्यावर. फोर लो, पहिला गिअर, माणूस चालतो तेवढा वेग. मध्ये गिअर बदलायचा नाही, थांबायचं नाही. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायचीच नाही. वाहतं पाणी गाडीला आधी हलकी करतं आणि मग बाजूला ढकलतं, आणि त्यापुढे फोर बाय फोरचं काही चालत नाही. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर ते दाबलं जात नाही, वाकतो तो कनेक्टिंग रॉड. गाडी ओढून बाहेर काढा आणि स्पार्क प्लग काढून बघितल्याशिवाय इंजिन फिरवू नका. साध्या पॉलिसीत हे नुकसान सहसा धरत नाहीत. इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन घ्या. ज्या माणसाला पावसाळ्यात घाटात जायचंय त्याने तिथे काटकसर करू नये.

मग पैसे घालायचे कुठे? आधी टायर. पण तेही लगेच नाहीत. पहिले दोन-तीन महिने कंपनीच्या टायरवर, हवा कमी-जास्त करून गाडी चालवा, म्हणजे फरक हाताला कळेल.

कंपनीचा साईज १९५/८० आर १५, व्यास ६९३ मिलीमीटर. त्याऐवजी २१५/७५ आर १५ चा ऑल टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचा) टायर बसतो. व्यास सुमारे ७०४, म्हणजे दीड टक्क्याचा फरक. स्पीडोमीटर जवळपास बरोबर राहतो, पूर्ण वळवलं तरी घासत नाही, पिकअप फारसा मरत नाही. दुकानदार २३५/७५ सुचवेल, दिसायला तो झकास दिसतो. पण व्यास जवळपास ६ टक्क्यांनी वाढतो, आधीच कमी असलेला टॉर्क आणखी कमी पडतो, आतून घासतो, आणि मग ‘लिफ्ट करावीच लागेल’ हे वाक्य ऐकायला मिळतं. टायरवरचा लोड इंडेक्स ९६ पेक्षा कमी नको (९६ म्हणजे एका टायरवर ७१० किलो). आणि टायर पाच घ्या, चार नाही. स्टेपनीचा व्यास वेगळा असेल तर फोर बाय फोरमध्ये पुढचा-मागचा अ‍ॅक्सल एकमेकांशी भांडत राहतात. पाचही टायर दर ८-१० हजार किलोमीटरला फिरवले तर स्टेपनी पडून पडून कडक होत नाही.

मड टेरेन नको, आणि त्याचं कारण तुमच्या रस्त्यांतच आहे. मुळशी-वेल्ह्याकडे मुरूम, तांबडी माती आणि काळा दगड. त्या दगडाची धार टायरचा गाल कापते, म्हणून साईडवॉल मजबूत हवी. ते काम चांगला ऑल टेरेन करतो. मड टेरेनच्या मोठमोठ्या गोट्या खऱ्या चिखलात उपयोगी. ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी आणि ब्रेकचं अंतर जास्त. तुमचं ९० टक्के चालवणं डांबरावर आहे, त्यातलं चार महिने ओल्या. आणि दौंड-बारामतीकडच्या काळ्या मातीत पाऊस पडून गेल्यावर गेलात तर कुठल्याही टायरच्या खाचा भरून चाकाचा लाडू होतो. तिथे टायर नाही, दोन दिवसांचं ऊन लागतं.

टायरइतकीच महत्त्वाची त्यातली हवा, आणि ती जवळजवळ फुकट आहे. दाराच्या चौकटीवर जो आकडा छापला आहे तो डांबरासाठी. दगडगोट्यांच्या कच्च्या रस्त्यावर २० ते २२ पीएसआय, मऊ वाळू किंवा भुसभुशीत मातीत १५ ते १८. हवा कमी केली की टायर जमिनीवर लांब पसरतो, दगडाला मिठी मारतो, वजन वाटून जातं. चाक उकरत खाली जात नाही, आणि आईच्या पाठीला बसणारे दणकेही बरेच कमी होतात. १५ च्या खाली जाऊ नका, वळताना टायर रिममधून निघतो. कमी हवेवर ४० च्या वर वेग नको, आणि डांबर लागताच हवा पुन्हा भरायची. कमी हवेचा टायर हायवेला पळवला तर त्याचा गाल आतून भाजून निघतो, फुटतो तो दुसऱ्याच कुठल्यातरी दिवशी.

त्यासाठी एक चांगला गेज आणि १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर हवा. सिगारेट लायटरच्या सॉकेटला साधारण १० ते १५ अँपिअरचा फ्यूज असतो. मोठा कॉम्प्रेसर त्याहून जास्त खेचतो, म्हणून थेट बॅटरीला क्लिपा लावणारा घ्या आणि इंजिन चालू ठेवा. लहान कॉम्प्रेसर चारही चाकांना पंधरा-वीस मिनिटं घेतो आणि तापतो. दोन चाकांनंतर त्याला जरा थंड होऊ द्या.

तिसरा खर्च, रुतल्यावर बाहेर येण्याचा. नऊ मीटरचा नायलॉनचा कायनेटिक (ताणला जाऊन गाडी ओढणारा) दोर, भरलेल्या गाडीच्या तीन-चार पट ताकदीचा, म्हणजे ५ ते ६ टनांचा, ३.२५ टन शिक्का असलेले दोन शॅकल (दोर अडकवायच्या पिनवाल्या कड्या), रुतलेल्या चाकाखाली घालायच्या ट्रॅक्शन बोर्डची जोडी, घडीचं फावडं, आणि जॅकखाली ठेवायला एक फूट बाय एक फूट जाड प्लाय, नाहीतर मऊ मातीत गाडी वर यायच्या ऐवजी जॅकच खाली जातो. दोर चॅसिसच्या टो हुकलाच लावायचा. बंपर, सस्पेन्शनचा दांडा किंवा ट्रेलरचा गोल बॉल यांना कधीही नाही, तुटलेला बॉल गोळीसारखा काच फोडून आत येतो. शॅकलची पिन पूर्ण आवळून पाव फेरा सैल करा, म्हणजे ती नंतर अडकत नाही. दोरावर मधोमध ओली गोणी टाका. मुलगी आणि आई दोराच्या लांबीच्या दीडपट लांब, आणि बाजूला; दोराच्या रेषेत कोणीही नाही. आधी मात्र फावडं चालवा. चाकापुढची माती काढली आणि हवा १५ वर आणली की बहुतेक वेळा दोराची गरजच पडत नाही.

लाईट बार छतावर नको. पावसाळी घाटात धुक्यावरून प्रकाश उलटा आपल्याच डोळ्यात येतो. खाली बसणारे पिवळे फॉग लॅम्प लावा. ५५ वॉटचे दोन म्हणजे ११० वॉट, साधारण ९ अँपिअर. रिले आणि बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज असलेलं वेगळं हार्नेस (वायरींचा संच) वापरा. कंपनीची वायर कापू देऊ नका, वॉरंटी तिथेच अडते.

गाडी चालवताना दोन गोष्टी सांभाळा. कोरड्या डांबरावर फोर हाय (नेहमीच्या वेगाला चारही चाकांना जोर) कधीच नाही. या गाडीला मधला डिफरन्शियल नाही, वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि तो ताण गिअरमध्ये साठत जातो. महिन्यातून एकदा मात्र कच्च्या रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर फोर बाय फोर वापरा, नाहीतर आतले भाग कोरडे राहून लिव्हर अडकतो. दुसरं, तिरके खड्डे लागून समोरचं एक आणि मागचं विरुद्ध बाजूचं चाक हवेत फिरायला लागलं की माणूस घाबरून ॲक्सिलरेटर सोडतो. सोडू नका. पाय स्थिर ठेवून दोन-तीन सेकंद थांबा. गाडी फिरणाऱ्या चाकाला स्वतः ब्रेक लावते आणि ताकद टेकलेल्या चाकाकडे जाते. तो कट-कट आवाज येतो तो बिघाड नाही.

दापोलीला गेल्यावर किनाऱ्यावर गाडी घालायचा मोह होईल. ओल्या वाळूत भरतीच्या वेळी रुतलेली गाडी परत जशीच्या तशी मिळत नाही, पोलीस कारवाई होते ती वेगळी, आणि खारं पाणी चॅसिसच्या पोकळ भागात शिरलं की वर्षभराने गंज फुटतो. कोकणातून आल्यावर खालून गोड्या पाण्याने धुणं हा नियमच करा.

ओढा पार केला असेल तर घरी आल्यावर डिफरन्शियलचं तेलही बघा. तापलेला डिफरन्शियल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं की लगेच बदला. बदलताना आधी वरचा, भरायचा नट सैल होतोय ना ते बघा आणि मगच खालचा उघडा. वरचा अडकलेला असेल आणि तेल सांडून गेलं असेल तर गाडी जागेवरून हलवता येत नाही.

स्पितीसाठी वेगळं काही बसवायची गरज नाही. शिमला-किन्नौरच्या बाजूने हळूहळू चढा, तब्येतीलाही ते बरं, आईला नेणार असाल तर डॉक्टरांना विचारून. ४५०० मीटरवर टर्बो नसलेलं इंजिन जवळपास ४० टक्के ताकद गमावतं, तेव्हा सामान कमी ठेवा. टाकी ४० लिटरची. रेकाँग पिओला भरली की काझापर्यंत आरामात पुरते. छतावर पेट्रोलचा कॅन बांधू नका.

राहिला आईंच्या चढण्याचा प्रश्न. शोरूममध्ये त्यांना घेऊन जा आणि मागच्या दारातून तीनदा चढायला-उतरायला सांगा. दुकानदार लगेच साईड स्टेप दाखवेल. ती दाराखाली लोंबते आणि पहिल्याच मोठ्या दगडावर वाकून दार अडवते. त्याऐवजी १५ सेंटीमीटर उंचीचा, खाली रबर असलेला एक भक्कम पाट डिकीत ठेवा, आणि आतल्या बाजूला धरायला हँडल कुठे आहे ते त्यांच्या हाताला दाखवून द्या.